दोन मीटर पूर्वेला

३ तारीख, मंगळवार

आज सकाळी माझं आयुष्य बदललं, आणि ते बदललं तेव्हा मी मोटरसायकलवर बसलो होतो.

कंपनीच्या गोदामाचं काम दादा बघतो, त्यानेच निरोप द्यायला पाठवलं होतं. गोदामाच्या जागेवर कुणी पुरातत्त्ववाले आलेत, त्यांना पंधरा तारखेपर्यंत परवानगी आहे, तोवर आटपा म्हणावं, सोळाला आपला बुलडोझर फिरणार. "नीट सांग," असं दादा बजावून म्हणाला. कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून मला नीट काही सांगता येतं यावर त्याचा विश्वास नाही. मी नीट सांगायलाच गेलो होतो. फक्त गाडी रस्त्यावर न लावता सरळ माळावर घातली.

तोंड उघडायच्या आधीच टोपी घातलेली एक पन्नाशीची बाई दोन्ही हात हलवत धावून आली. "मागे! आधी ती गाडी मागे घे!"

"ही जागा कंपनीची आहे," मी म्हटलं.

"जागा असेल कंपनीची. जमिनीतलं चुंबकत्व काय कंपनीने आणून टाकलंय? तुझ्या त्या धुडाने माझी अख्खी रांग बिघडवली. आता नकाशात तुझ्या नावाचा काळा डाग येणार."

माझ्यावर कुणी आवाज चढवला की माझं डोकं फिरतं. फिरलंच होतं. तेवढ्यात माळाच्या टोकाला, झाडाखाली बांधलेल्या ताडपत्रीकडे लक्ष गेलं. तिथे एक मुलगी बसली होती. एका हातात मडक्याचा तुकडा, दुसऱ्या हातात पेन्सिल, आणि ती मला हसत होती. मला हसणाऱ्याला मी आजवर सोडलेलं नाही. आज गाडी ढकलत मुकाट रस्त्यावर नेऊन लावली.

परत आलो तर बाई विचारतात, "सरळ चालता येतं का तुला?" त्यांचं यंत्र घेऊन चालणारा माणूस पाय मुरगळून घरी बसलाय म्हणे.

"चालायला काय अक्कल लागते?"

"उद्या ये, म्हणजे कळेल. पट्टा, घड्याळ, किल्ल्या, मोबाइल, चेनची पँट, काही नको. अंगावर लोखंड म्हणून नको."

४ तारीख, बुधवार

दादाचा नाडीचा पायजमा आणि रबरी चपला. याहून वाईट अवतारात कुणी कुणाच्या समोर गेलं नसेल. ती मात्र आज हसली नाही. "मोटरसायकल आली," एवढंच म्हणाली. आता सगळे मला मोटरसायकल म्हणतात. तिला सगळे पेन्सिल म्हणतात, कारण सापडलेल्या खापरांची चित्रं ती काढते. यंत्राचा जाणकार आहे तो चष्मा. त्याच्याकडे चष्म्याशिवाय सांगण्यासारखं काही नाही.

यंत्र म्हणजे एका आडव्या दांडीला दोन उभ्या नळ्या. जमिनीला टेकवायचं नाही, नुसतं वरून न्यायचं. चष्म्याने समजावलं: माती भट्टीत लालबुंद तापून पुन्हा गार झाली की त्या वेळचं पृथ्वीचं चुंबकत्व तिच्यात मुक्काम ठोकतं. हजार वर्षांनी वरून गवत उगवलं तरी ते आत असतंच. यंत्राला ते न खणता कळतं.

जमिनीवर दोऱ्या टाकून चौकटी आखलेल्या, दोरीवर प्रत्येक मीटरला लाल खूण. यंत्र ठरलेल्या तालात पीप वाजवतं. पीप वाजली की पाऊल खुणेवर पाहिजे. एक रांग पश्चिमेकडे, ताडपत्रीच्या दिशेने, पुढची रांग परत पूर्वेकडे.

"यंत्र आंधळं आहे," चष्मा म्हणाला. "तू कुठे आहेस हे त्याला पीपवरूनच कळतं. तू खुणेवर नसलास तरी आहेस असंच धरून ते लिहितं."

"असेनच की," मी म्हटलं.

६ तारीख, शुक्रवार

हे लिहायला लाज वाटते, पण ही वही माझी आहे. पश्चिमेच्या टोकाला मला जवळजवळ प्रत्येक वेळी थोडं थांबायला मिळतं. मी पोचलेला असतो, शेवटची पीप यायची असते. त्या तेवढ्या वेळात ती वर बघते. आज "पाणी हवं का?" म्हणाली. मग पुन्हा पाठ फिरवून निघायचं. पहिली काही पावलं नको नको वाटतात, पण पुढे मी भरून काढतो. पूर्वेच्या टोकाला पीप आणि मी एकदमच पोचतो. तेव्हा काम चोख आहे.

दुपारी ती आणि चष्मा एकाच डब्यातून जेवतात. स्वतःचा डबा आणायचं याला रोज कसं सुचत नाही? ती बिचारी नाही म्हणत नाही. इतकी मनाने चांगली मुलगी मी पाहिली नाही.

९ तारीख, सोमवार

चित्र आलं! पडद्यावर करडा माळ, एका कडेला माझ्या मोटरसायकलचा काळा-पांढरा डाग (तो खरंच आला), आणि मधल्या चौकटीत एक ठसठशीत काळं वर्तुळ, त्याला बाहेर आलेली शेपटी. वर्तुळ म्हणजे भट्टी आणि शेपटी म्हणजे जाळ घालायचं तोंड, असं बाई म्हणाल्या.

कंपनीने एकच खड्डा खणायची परवानगी दिली आहे. त्यात काही निघालं तर तो कोपरा गोदामातून वगळतील. नाही निघालं तर बुलडोझरचा पहिला घाव तिथेच. खड्डा म्हणू नकोस, चर म्हण, असं बाईंनी मला दोनदा बजावलं आणि मग स्वतःच खड्डा म्हणाल्या.

"इतकं स्वच्छ चित्र बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. "छान चाललास रे, मोटरसायकल." कुणा शिकवणाऱ्याच्या तोंडून 'छान' ऐकून मला किती वर्षं झाली असतील! घरी येऊन दादाला तीन वेळा सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, "भट्टी? आमच्या माळावर? बघायला आलं पाहिजे."

१२ तारीख, गुरुवार

काही नाही. पिवळी कोरी माती. कमरेइतकं खोल गेलो, मग छातीइतकं. भाजलेल्या मातीचे बोराएवढे दोन खडे मिळाले. बाई काठावर बसून होत्या. एरवी त्या ओरडल्या की मला राग येतो. आज वाटत होतं, ओरडा हो कुणावर तरी.

मी फावडं फेकलं. ते चष्म्याच्या पायाजवळ पडलं. "तुझ्या त्या डबड्याने खोटं सांगितलं," मी म्हटलं. त्याने ते उचलून खड्ड्याच्या भिंतीला टेकवून ठेवलं. असल्या माणसाशी भांडणसुद्धा होत नाही.

१३ तारीख, शुक्रवार

सगळं माझ्यामुळे झालं. सरळ लिहून टाकतो.

काल रात्री दादाला रडगाणं सांगत होतो. तो म्हणाला, "आमच्या मोजणीवाल्यांची एक लोखंडी खुंटी त्याच चौकटीत पुरलेली आहे. वीतभर खाली. विजेच्या खांबापासून मोजून मी स्वतः ठोकून घेतली आहे. तुमच्या चित्रात ती तरी जागेवर आली का, ते विचार बाईंना." मला वाटलं, याला काय कळतंय? तरी विचारलं.

बाईंनी चित्र पाहिलं. खुंटी होती, चांगली ठळक. पण दादाच्या मापापेक्षा दोन मीटर पूर्वेला. बाई म्हणाल्या, मोजणीवाल्यांची चूक असणार. मी हाताने उकरलं. खुंटी दादाने सांगितलेल्या जागेवरच होती. तसूभरही इकडे-तिकडे नाही.

मग बाईंनी मला एक रांग जाऊन यायला लावलं आणि हात मागे बांधून बघत राहिल्या. नजर माझ्या पायांवर.

"तिकडे काय आहे?" पश्चिमेकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं.

"झाड."

"झाडाखाली?"

"ताडपत्री."

"आणि ताडपत्रीखाली?"

पेन्सिल खाली मान घालून चित्र काढत होती, तिला ऐकू गेलं नाही.

"जाताना पळतोस," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणून वाटेतली वस्तू तुला पीपच्या आधीच भेटते. येताना रेंगाळतोस, म्हणून उशिरा भेटते. दोन्ही खेपेला ती सरकते पूर्वेलाच. एका बाजूला चुकला असतास तर चित्राला करवतीसारखे दाते पडले असते, आम्हाला लगेच कळलं असतं. तू दोन्हीकडून सारखाच चुकलास. म्हणून तर चित्र इतकं देखणं आलं!"

मग त्या चष्म्याकडे वळल्या. "आणि तू रे? याच्या पायांवर नजर ठेवायची हे तुझं काम होतं. तू कुठे बघत होतास?"

चष्म्याचे कान लालभडक झाले होते. ऊनही फार होतं आज.

बाईंनी मला हाकललं नाही. चारचौघांत काही बोलल्याही नाहीत. पेन्सिलला त्यांनी सांगितलं, "यंत्राच्या तालात गडबड होती, ती चौकट पुन्हा चालायची आहे." मी त्यांच्या जागी असतो तर माझी काय वरात काढली असती! हे त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पण दिवस संपले आहेत. परवा परवानगी संपते, सोमवारी बुलडोझर. आणि भट्टी बहुतेक त्या कोऱ्या खड्ड्याच्या भिंतीपलीकडे आहे, माझ्या उतावळेपणापासून दोन मीटरवर.

१४ तारीख, शनिवार

आज पेन्सिलला विचारून टाकलं. म्हटलं, मनात ठेवून चालता येत नसेल तर बाहेर काढलेलं बरं. रात्रभर वाक्यं तयार केली होती. प्रत्यक्षात म्हणालो, "मला तू आवडतेस आणि त्यामुळे खड्डा चुकला."

ती हसली नाही. हातातलं खापर खाली ठेवलं. "बस इथे, मोटरसायकल."

बसलो.

"मी लग्न करणार आहे."

"कुणाशी?"

"ज्याचा डबा खाते त्याच्याशी."

"तो तर तुझा डबा खातो!"

"डबा तो करून आणतो. रोज. मला अंडंसुद्धा उकडता येत नाही."

मी तिने खाली ठेवलेलं खापर उलटसुलट करत बसलो. तीच म्हणाली, "तू दहा-अकरा दिवसांत विचारलंस. त्याने दोन वर्षं लावली. तुला कुणीतरी चांगली मिळेल, पण तिच्यासमोर फावडी फेकू नकोस."

घरी येऊन न्हाणीतल्या बादलीला लाथ मारली. बादली फुटली, अंगठा सुजला. संध्याकाळी दादा नवी बादली घेऊन आला आणि माझ्यासमोर बर्फाचा वाडगा ठेवला.

एक मात्र आहे. तिने मला खोटी आशा लावून झुलवत ठेवलं नाही. राग आहेच. पण तेवढ्यापुरते तिचे आभार.

१६ तारीख, सोमवार

नशीब म्हणजे काय असतं ते आज कळलं. बुलडोझर आलाच नाही! दादा म्हणाला, त्याचा पंप गेला, सुटा भाग मागवलाय. एरवी दादाच्या साइटवर असं काही होत नाही. मी मनातल्या मनात त्या पंपाला साष्टांग नमस्कार घातला.

खड्ड्यावर लाकडी फळ्या टाकून बाईंनी चौकट पुन्हा चालायला लावली. मान ताठ, नजर समोर. ताडपत्रीकडे ढुंकूनही बघितलं नाही. चष्म्याने तिथल्या तिथे चित्र काढलं. बाईंनी खुंटी शोधली आणि खालीच बसल्या. टोपी काढून तोंडावर धरली. खांदे गदागदा हलत होते. मला वाटलं, रडतायत.

"अरे," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "आता तिच्यापासून पळतोयस! खुंटी दोन मीटर पश्चिमेला आली!"

ताडपत्रीखालूनही हसू आलं. मी यंत्र खाली ठेवलं (नीट ठेवलं, हे लिहून ठेवतो) आणि तरातरा रस्त्याकडे निघालो. संपलं म्हटलं. मागून चष्मा धापा टाकत आला. हा माणूस पळतो तेव्हा बघवत नाही.

"मलाही जमत नाही," तो म्हणाला.

"काय?"

"ती समोर असताना यंत्र घेऊन चालायला. पहिल्या साइटवर मीच चालायचो. माझं चित्र तुझ्याहून वाईट आलं होतं. म्हणून तर आता मी दोऱ्या टाकतो."

मग दोघंही तिथेच, रस्त्याच्या कडेला, वेड्यासारखे हसत सुटलो. परत जाताना तो म्हणाला, "उद्या पुन्हा चालू. तू चाल, मी या खेपेला खरंच पायांकडे बघतो."

१७ तारीख, मंगळवार

मला वाटलं होतं, काहीतरी मोठी युक्ती लागेल. पाऊल खुणेवर ठेवलं, पीप आली. पुढचं ठेवलं, पीप आली. मधे एकदा पेन्सिल खोकली. पाऊल खुणेवर ठेवलं. चष्मा शेजारून रांगत असल्यासारखा वाकून चालत होता आणि दर मीटरला "हं" म्हणत होता. शेवटी शेवटी तर मला पीपपेक्षा ते "हं" बरं वाटायला लागलं.

खुंटी खुंटीच्या जागी आली. भट्टी कोऱ्या खड्ड्याच्या पश्चिम भिंतीला चिकटून.

पण परवानगी संपलेली, आणि दुसरा खड्डा खणायचा नाही ही अट. बाई हताश होऊन खुर्चीत बसल्या होत्या, तेवढ्यात दादा आला. पहिल्यांदाच आला. बाईंना वाकून नमस्कार केला, खड्ड्यात डोकावला.

"एकच खड्डा, अशी अट आहे ना?"

"हो ना," बाई म्हणाल्या.

"मग आहे तोच रुंद करा. रुंदी किती असावी हे परवानगीत कुठेच लिहिलेलं नाही. मी पुन्हा पुन्हा वाचलंय."

बाईंनी टोपी वर सारून त्याच्याकडे नीट बघितलं. "आणि बुलडोझर?"

"पंप आला, पण ड्रायव्हरची सासू अत्यवस्थ आहे. तो गावाला गेलाय. शुक्रवारपर्यंत काही खरं नाही."

कुणाच्या सासूच्या जिवावर आनंद मानू नये. पण मानला. तिला लवकर बरं वाटो, मात्र शुक्रवारनंतर.

१९ तारीख, गुरुवार

दुपारी माझ्या कुदळीला आधी लाल माती लागली, मग काळी, मग विटेसारखी टणक. बाई ओरडल्या, "थांब! हात काढ! कुणी हलू नका!" किती गोड ओरडतात त्या.

मग कुंचला आणि लहान थापी. संध्याकाळपर्यंत भट्टीची गोल भिंत ढोपरभर मोकळी झाली. आतून चिकणमातीचा लेप, आणि त्या लेपावर बोटांचे ठसे. करणाऱ्याने ओली माती बोटांनी ओढत नेली होती, चार-चार रेघा, जशाच्या तशा. एका बाजूला अगदी निगुतीने. दुसऱ्या बाजूला कसंबसं, भराभर.

"घाईत होता गडी," बाई म्हणाल्या. "कुठेतरी जायचं असेल."

मी म्हटलं, "हात लावू?" बाईंनी आधी नाही म्हटलं, मग म्हणाल्या, "एकदाच. हळू." माझी बोटं त्या रेघांत बसली नाहीत, माझी जाड आहेत. पण वळण तेच होतं. मला एकदम काय झालं माहीत नाही, डोळे भरून आले. धूळ गेली म्हणून सांगितलं. पेन्सिलने आपला रुमाल दिला आणि चित्र काढायला खाली उतरली. तिला उतरायला चष्म्याने हात दिला. मला बघताना वाईट वाटलं. पण कालच्याएवढं नाही.

२१ तारीख, शनिवार

कंपनीचे साहेब येऊन पाहून गेले. कोपरा वगळला! भट्टीभोवती कुंपण, वर छप्पर, गोदामाची भिंत मागे. बाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. साहेब दादाकडे मात्र बघतही नव्हते. बुलडोझर इतके दिवस उभा राहिला म्हणून त्याला सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले. दादा "होय साहेब, चुकलं साहेब" म्हणत होता. माझ्या मुठी वळल्या होत्या. दादाने नुसतं बघितलं, मी उघडल्या.

संध्याकाळी बुलडोझरचा ड्रायव्हर दिसला. म्हटलं, निदान विचारपूस करावी. "सासूबाई कशा आहेत?"

"कुणाच्या?"

"तुझ्या."

"माझं लग्न कुठं झालंय?" म्हणाला. वर दात काढतोय! "मी आपला चार दिवस गाडीखाली ताणून दिली होती."

म्हणजे या लबाडाने माझ्या भोळ्या भावाला सरळ सरळ टोपी घातली, आणि शिव्या मात्र दादाने खाल्ल्या. मी त्याला असा झापला की विचारू नका. तो आधी वाद घालणार होता, मग माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तुझा भाऊ मोठा माणूस आहे रे बाबा." म्हटलं, ते तू मला सांगू नकोस. दादाला यातलं काही कळवलं नाही. त्याला उगीच वाईट वाटेल.

२४ तारीख, मंगळवार

पहाटे लिहितोय. तासाभरात बाईंची गाडी निघेल. पुढचा माळ लांब आहे, तिथे नदीकाठी जुनी वस्ती असावी असा त्यांचा अंदाज आहे. परवा त्यांनी विचारलं, "येणार का?" मी म्हटलं, "माझी एवढी चूक झाल्यावर?" त्या म्हणाल्या, "आपण कसे चुकतो हे दोन्ही दिशांनी माहीत असलेला चालणारा मला दुसरा कुठे मिळणार?" चष्मा आणि पेन्सिलही आहेत. जमेल असं वाटतं. नाही जमलं तर खुंटी सांगेलच.

दादाची बदली झाली. साहेबांनी त्याला पार दूरच्या साइटवर टाकलंय, खाणीपलीकडे. म्हणतो, "बरं झालं, मला बदल हवाच होता." काल रात्री जेवताना मी त्याला मनापासून म्हटलं, "दादा, राग मानू नकोस, पण तुझं कामगारांवर लक्ष नसतं. ज्याला जसं वाटेल तसं तो तुला गुंडाळतो. या वेळी तुझ्या त्या ढिलेपणामुळे आमची भट्टी वाचली, म्हणून मी आभारच मानतो. पण नव्या साइटवर जरा कडक राहा."

दादा हसायला लागला. इतका हसला की ठसका लागला, मी पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं. "राहीन हो राजे," म्हणाला, "कडक राहीन." मग माझी पिशवी ओढून घेतली, मी कोंबलेले कपडे बाहेर काढले आणि एकेक घडी घालून पुन्हा भरले.

आता तो झोपलाय, भिंतीकडे तोंड करून. त्याचे साइटवरचे बूट मी रात्री घासूनपुसून उंबऱ्याजवळ ठेवलेत. तिकडे चिखल आहे म्हणे, दुपारपर्यंतसुद्धा टिकायचे नाहीत. पहिल्या सकाळी तरी स्वच्छ असावेत.

उठवावंसं वाटतंय. उठवलं तर काय बोलायचं ते सुचत नाही, आणि तो म्हणणार, उशीर होईल, नीघ. आमचं दार ओढताना करकरतं. मूठ जरा वर उचलून धरली की आवाज होत नाही. वही पिशवीत टाकतो, बाहेर पडतो, मूठ उचलून धरतो आणि दार लावून घेतो.